थेंबाचा माग

मे महिन्यातली रात्र. भंडाऱ्यात लाइन जाते, कूलरची घरघर थांबते आणि इतका वेळ तिच्याखाली दडलेला दुसराच एक आवाज वर येतो. टप्प. मग शांतता. पुन्हा टप्प. मोरीतला नळ. झोपण्याआधी चांगला आवळून बंद केलेला, तरीही. माणूस कूस बदलतो, सकाळी बघू म्हणतो आणि सकाळी विसरतो. पण झोप गेलीच आहे, तर एकदा हा आवाज नीट ऐकून पाहा. नळाखालच्या बादलीत एक छोटं गूढ दडलेलं आहे.

थेंब पाण्यावर आपटला की आवाज होतो, असं आपण धरूनच चालतो. प्रत्यक्षात आपटण्याचा आवाज जवळजवळ ऐकूच येत नाही. थेंब पडतो तेव्हा पाण्याच्या पृष्ठभागावर क्षणभर एक खळगा तयार होतो. खळगा मिटताना त्याच्या तळाशी हवेचा एक इवलासा बुडबुडा अडकतो. तो बुडबुडा थरथरतो, त्याच्यासोबत वरचा पाण्याचा पडदा हलतो आणि आपल्याला ‘टप्प’ ऐकू येतं. केंब्रिज विद्यापीठातल्या अनुराग अगरवाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अतिवेगवान कॅमेरा आणि पाण्यातला मायक्रोफोन लावून हे २०१८ मध्ये दाखवून दिलं. प्रश्न सुचला तोही असाच. अगरवाल ब्राझीलमध्ये मित्राच्या घरी मुक्कामी होते, छत गळत होतं, खाली बादली ठेवलेली होती आणि रात्रभर टपटप चालू होती. बादलीतल्या पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब टाकले, तर पृष्ठताण कमी होतो, बुडबुडा अडकत नाही आणि आवाज थांबतो. आजच्या रात्रीपुरता उपाय मिळाला. गळती अर्थातच चालू राहणार.

थेंबांचा हिशेब

आता मोजू या. नळाच्या तोंडून सुटणारा थेंब ढोबळमानाने पाव मिलिलिटरचा धरला, तर चार हजार थेंबांचा एक लिटर होतो. सेकंदाला एक थेंब, म्हणजे दिवसाला ८६,४०० थेंब. जवळपास साडेएकवीस लिटर, एक मोठी बादली भरून. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झालेल्या जलजीवन मिशनमध्ये खेड्यातल्या माणशी रोज ५५ लिटर पाणी धरलेलं आहे. मोरीतला तो एक सुस्त नळ एका माणसाच्या वाट्यातलं दर पाच लिटरमधलं दोन लिटर एकटाच पितो.

हा हिशेब आणखी एका कारणासाठी गमतीचा आहे. थेंब खरोखर घड्याळासारखे पडतात का? तोटी अगदी किंचित उघडून पाहा. आधी ठेका सरळ असतो. थोडी अधिक उघडली की थेंब जोडीजोडीने पडू लागतात, एक अंतर लांब, एक आखूड. आणखी थोडी उघडली की ठेकाच मोडतो. पुढचा थेंब कधी पडेल ते सांगता येत नाही. कॅलिफोर्नियात सांताक्रूझला रॉबर्ट शॉ या भौतिकशास्त्रज्ञाने थेंबांमधली अंतरं मोजून १९८४ मध्ये यावर आख्खं पुस्तक लिहिलं. सगळे नियम ठाऊक असूनही भाकीत करता येऊ नये, अशा वागणुकीला विज्ञानात ‘केऑस’ म्हणतात. त्या शास्त्रातलं एक गाजलेलं उदाहरण आपल्या मोरीत टांगलेलं असतं.

क्रियापद हेच निदान

मराठीकडे गळण्यासाठी किती शब्द आहेत, ते एकदा ओळीने मांडून पाहावं. नळ टपकतो. छत ठिबकतं. भिंत पाझरते. पाणी झिरपतं, ओघळतं, निथळतं आणि शेवटी मुरतं. हे शब्द एकाच अर्थाचे नाहीत. प्रत्येकात एक वेगळी वाट आहे. टपकतं तिथे दाब आहे आणि वाट मोकळी आहे. पाझरतं तिथे वाट म्हणजे हजारो सूक्ष्म छिद्रं. ओघळतं तिथे पाणी एकीकडून निघून दुसरीकडे दिसतं. आणि मुरतं तिथे काहीच दिसत नाही. म्हणून तर संशयाला आपण ‘पाणी कुठेतरी मुरतंय’ म्हणतो. जी गळती दिसत नाही, तीच मोठी असते, हे या भाषेने कधीच ओळखलेलं आहे.

भंडारा जिल्ह्यात कोका अभयारण्य आहे. तिथल्या वाटाड्याला वाघ क्वचित दिसतो. त्याला दिसतात ते पंजाचे ठसे, ओरखडे, दबलेलं गवत. गळतीचाही असाच माग काढावा लागतो. दुरुस्ती बहुतेक वेळा अर्ध्या तासाची असते. वेळ जातो तो शोधण्यात, आणि खरी मौजही त्यातच आहे.

पहिला माग: टाकीवरची रेघ

घरात पाण्याचं मीटर असेल तर काम सोपं. सगळे नळ बंद करायचे, आकडा लिहून ठेवायचा, दोन तास कुणी पाण्याला हात लावायचा नाही, मग पुन्हा आकडा पाहायचा. आकडा पुढे सरकला असेल, तर पाणी कुठेतरी मुरतंय.

मीटर नसेल तर छतावरची टाकी हेच मीटर. रात्री झोपताना एक काठी सरळ टाकीत बुडवायची आणि ओल्या भागाच्या टोकाशी खूण करायची. पहाटे पुन्हा तेच. टाकीचा व्यास एक मीटर असेल, तर पातळी एक सेंटिमीटर उतरली म्हणजे आठ लिटरच्या आसपास पाणी गेलं. सेकंदाला एक थेंब टाकणारा नळ आठ तासांत पातळी जेमतेम तेवढीच खाली आणतो. दुसऱ्या रात्री टाकीखालचा व्हॉल्व्ह बंद करून हाच प्रयोग करायचा. पातळी तरीही उतरली, तर दोष टाकीत किंवा व्हॉल्व्हच्या आधीच्या जोडात. थांबली, तर दोष घरात. दोन रात्री, एक काठी, आणि अर्धं घर संशयातून मुक्त.

उघडं सिमेंटचं टाकं असेल तर एक पेच येतो: पाणी गळलं की उन्हाने उडून गेलं? भंडाऱ्याच्या मे महिन्यात उघड्या पाण्याची पातळी नुसत्या बाष्पीभवनाने दिवसाला सेंटिमीटरभर उतरू शकते. यावर तोडगा असा: टाक्यात एक बादली अशी ठेवायची की तिच्या आतली पातळी बाहेरच्या पातळीशी जुळेल. ऊन दोघांना सारखं, वारा दोघांना सारखा. दोन दिवसांनी बादलीतलं पाणी जितकं उतरलं तितकं उन्हाने नेलं. टाक्यातलं त्याहून जास्त उतरलं असेल, तर तो फरक गळतीचा. हवामान खात्याच्या केंद्रांवर बाष्पीभवन मोजायला जे रुंद, उथळ पात्र ठेवलेलं असतं, ते या बादलीचंच मोठं भावंड.

एक मिलिमीटरचं भोक

टाकी नळाच्या तीन मीटर वर आहे, आणि खालच्या पाइपला एक मिलिमीटरचं भोक पडलं आहे. केवढंसं भोक! गोधडी शिवायच्या दाभणाने पडावं तसं. त्यातून किती पाणी जाईल?

गॅलिलिओचा शिष्य इव्हांजेलिस्ता टोरिचेली याने १६४४ मध्ये छापलेल्या ग्रंथात एक सुंदर नियम सांगितला. भोकातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा वेग तितकाच असतो, जितका तेवढ्याच उंचीवरून सोडलेल्या दगडाचा खाली पोचताना असतो. तीन मीटरला हा वेग भरतो सेकंदाला साडेसात मीटरहून थोडा जास्त, म्हणजे ताशी २७-२८ किलोमीटर. भोकाच्या कडेला धार आकसते, ती तूट धरली तरी तासाला तेराएक लिटर आणि दिवसाला तीनशे लिटरच्या घरात पाणी जातं. पाचशे लिटरची टाकी दोन दिवस पुरत नाही. भोक दोन मिलिमीटरचं झालं, तर गळती दुप्पट होत नाही, चौपट होते. कारण पाणी जातं ते क्षेत्रफळातून.

जमिनीखालच्या पाइपला असं भोक असेल तर आणखी एक गोष्ट घडते, आणि ती जास्त काळजीची आहे. नळाला पाणी येतं तेव्हा पाइपात दाब असतो आणि पाणी बाहेर पडतं. पाणी गेलं की दाब उतरतो, आणि त्याच भोकातून भोवतालचं पाणी आत यायला मोकळं होतं. शेजारून सांडपाण्याची नाली जात असेल तर पुढचं सांगायला नको. त्यात कुणी लाइनीला थेट टिल्लू पंप लावला, तर पाइपात उलटी ओढ तयार होते आणि नालीचं पाणी चक्क आत खेचलं जातं. पाणी येतं त्या पहिल्या पाच मिनिटांत ते गढूळ किंवा वासाचं आलं, तर तोही एक माग आहे. ते पाणी भरू नये आणि लाइन तपासायला सांगावं. गळकं भोक हा दोन्ही बाजूंनी उघडणारा दरवाजा आहे.

कान, रंग आणि हात

दाबाखालचं पाणी बारीक वाटेतून सुटताना आवाज करतं, आणि तो आवाज पाइपाच्या धातूतून दूरवर जातो. पाणीपुरवठ्याची जुनी माणसं रात्री रस्ता शांत झाला की लांब दांडी पाइपावर किंवा व्हॉल्व्हवर टेकवून तिचं दुसरं टोक कानाला लावत आणि जमिनीखालचं फुटलेलं ठिकाण सांगत. घरी लांब पेचकस चालतो. पातं पाइपाला, मूठ कानामागच्या हाडाला. सगळे नळ बंद असताना बारीक ‘स्स्स’ ऐकू आलं, तर जागा बदलत जायचं. आवाज जिथे सर्वांत मोठा, तिथे गळती जवळ. लोखंडी पाइपात हे छान जमतं. प्लॅस्टिकचा पाइप मात्र आवाज गिळतो.

संडासाच्या फ्लशची टाकी गळते ती आवाज न करता. पाणी भांड्याच्या आतल्या बाजूने पातळ पडद्यासारखं ओघळत राहतं आणि दिसतच नाही. इथे रंग कामाला येतो. टाकीत खाण्याचा रंग टाकायचा आणि पंधरा-वीस मिनिटं फ्लश वापरायचा नाही. भांड्यात रंग उतरला, तर तळाचं रबरी झाकण नीट बसत नाही. भंडाऱ्यात होळीच्या सुमारास पळस फुललेला असतो आणि त्याच्या फुलांचं केशरी पाणी घरोघरी होतंच. त्यातलं वाटीभर गाळून या कामाला ठेवायला हरकत नाही.

उरला हात. पाइपाचा जोड कोरडा दिसत असला, तरी त्यावरून वर्तमानपत्राचा तुकडा फिरवावा. डोळ्याला न दिसणारी ओल कागद लगेच दाखवतो. आणि थंड पाण्याच्या पाइपावर बाहेरून धरलेला दमटपणा म्हणजे गळती नव्हे, हेही ध्यानात ठेवावं. भिंतीचा असाच संशय असेल, तर प्लॅस्टिकचा हातभर तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावून एक दिवस ठेवायचा. ओल प्लॅस्टिकच्या मागे, भिंतीकडच्या बाजूला आली तर पाणी भिंतीतून येतंय. पुढच्या बाजूला आली तर खोलीतल्या हवेतून.

पाणी वर का चढतं

भिंतीतल्या पाण्याचं वागणं सर्वांत नवलाचं. सगळं जग पाण्याला उताराने वाहताना पाहतं, आणि भिंतीत ते खुशाल वर चढतं. विटेत आणि चुन्यात केसाहून बारीक वाटा असतात. पाण्याला विटेच्या कणांना चिकटायला आवडतं, आणि पाण्याचे कण एकमेकांना धरून असतात. पुढचे चिकटतात, मागचे ओढले जातात. वाट जितकी बारीक, तितकी चढण उंच. केसाच्या तिसऱ्या हिश्शाहूनही बारीक नळीत पाणी दीड मीटरपर्यंत चढू शकतं. प्रत्यक्ष भिंतीत वर जाता जाता ते उडूनही जातं, म्हणून जुन्या घरांत ओल साधारण कंबरेपर्यंत येऊन थांबते. उडताना आपले क्षार मागे ठेवते. त्याला आपण लोणा म्हणतो, आणि रंगाचे पोपडे सुटतात ते त्याच्याच जोराने.

त्यामुळे ओलीचा आकार वाचता आला पाहिजे. खालून वर आलेली ओल जमिनीची. वरून खाली आलेली छताची. भिंतीच्या मधोमध गोल डाग असेल तर आत पाइप. पावसाळ्यात येते आणि दिवाळीपर्यंत सुकते ती पावसाची. उन्हाळ्यातही हटत नाही ती नळाची.

छताची गोष्ट त्याहून फसवी. भंडारा जिल्ह्यात वर्षाला सुमारे १,३०० मिलिमीटर पाऊस पडतो, बहुतेक सगळा चार महिन्यांत. शंभर चौरस मीटरच्या गच्चीवर हे पाणी होतं एक लाख तीस हजार लिटर. कवेलूचं छप्पर हे सगळं उतारावरून भराभर सोडून देई. माकडांनी कवेलू फोडले नसले, आणि पावसाच्या तोंडावर फेरून घेतले असले, म्हणजे झालं. सपाट स्लॅबवर पाणी रेंगाळतं, आणि रेंगाळणाऱ्या पाण्याला वाट शोधायला वेळ मिळतो. एका कोपऱ्यातल्या चिरेतून ते आत शिरतं, स्लॅबमध्ये पुरलेल्या विजेच्या पाइपात उतरतं आणि दुसऱ्याच खोलीत पंख्याच्या हुकातून टपकतं. घरातली माणसं हुकाच्या बरोबर वर गच्ची फोडतात आणि काहीच सापडत नाही. असं टपकू लागलं की आधी त्या खोलीची वीज बंद करावी. माग नंतर काढावा.

खरी जागा शोधायची तर भंडाऱ्याच्या शेतकऱ्याला शिकवावं लागणार नाही. गच्चीवर बांधी करायची. विटा आणि मातीचे छोटे धुरे घालून गच्चीचे तुकडे पाडायचे, उताराच्या खालच्या तुकड्यात दोन-तीन बोटं पाणी भरायचं आणि एक दिवस थांबायचं. खाली ओल आली नाही, की वरचा तुकडा. ज्या तुकड्याने छत ओलं केलं, त्याच्यातच चोर. मग चीर थोडी रुंद करून, साफ करून, पॉलिमर मिसळलेल्या मसाल्याने भरायची आणि वर वॉटरप्रूफिंगचे हात द्यायचे. आतून छताला कितीही महागडा रंग लावला तरी उपयोग नाही. पाणी ज्या बाजूने येतं, त्याच बाजूला अडवावं लागतं.

पितळेच्या गावातला नळ

आता रात्रीच्या त्या नळाकडे येऊ. भंडारा हे पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेलं शहर, आणि चांगली तोटीही पितळेचीच. तांबं आणि जस्ताचा हा मिश्रधातू गंजत नाही, त्यावर आटे सुबक पडतात आणि तो झिजतोही कमी. पण काही पाणी असं असतं की वर्षानुवर्षं पितळेतलं जस्त विरघळवून नेतं. मग मागे उरतो तांब्याचा सच्छिद्र सांगाडा. पिवळी तोटी जागोजाग लालसर दिसू लागली आणि आवळताना कडकन मोडली, तर तिची गळती आतून सुरू झालेली होती.

फिरकीच्या तोटीत मात्र दोष बहुधा एका रबरी चकतीचा असतो. तिला कुणी वायसर म्हणतं, कुणी वायसल. फिरकी आवळली की दांडा खाली उतरतो आणि ही चकती पितळी बैठकीवर दाबली जाते. रबर दाबलं गेलं की बैठकीचे सगळे खाचखळगे भरून काढतं. पाणी अडतं ते या मऊपणामुळे. जुनं रबर कडक होतं, बैठकीचा गोल वण त्यावर कायमचा उमटतो आणि कडेने थेंब निसटतो. आपण आणखी जोरात आवळतो, चकती आणखी चिरते. घरातले गळके नळ आपणच आपल्या मनगटाच्या जोराने जास्त गळके करतो.

दुरुस्ती अशी: आधी वरचा व्हॉल्व्ह बंद. मग मोरीच्या जाळीवर फडकं, नाहीतर नेमका लहानसा स्क्रू तिथेच जातो. वरचा भाग पान्याने उघडायचा, जुनी चकती काढून त्याच मापाची बसवायची, बैठकीवर बोट फिरवून खाच लागते का ते पाहायचं. टपकणं बंद झालं पण फिरवताना दांड्यापाशी पाणी येतंय, तर तिथला दोरा संपलेला आहे. ग्रीस लावलेला नवा गुंडाळायचा. अर्ध्या वळणात उघडणाऱ्या नव्या तोट्यांत रबराऐवजी चिनी मातीच्या दोन गुळगुळीत चकत्या असतात. तिथे आतलं अख्खं कार्ट्रिज बदलतात.

जोडाच्या आट्यांवर पूर्वी सूत आणि सफेदा लावत. आज पांढरी टेफ्लॉनची पट्टी. तिचा जन्मच एका न झालेल्या गळतीतून आहे. ६ एप्रिल १९३८ रोजी अमेरिकेत रॉय प्लंकेट या रसायनशास्त्रज्ञाने गॅसचं नळकांडं उघडलं, तर गॅस येईना. गळून गेला म्हणावं, तर वजन जसंच्या तसं. त्याने नळकांडं कापलं आणि आत पांढरी भुकटी सापडली. गॅसचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन घन झाले होते. त्या भुकटीला जवळजवळ काहीच चिकटत नाही. आट्यांवर तिची पट्टी चिकटवत नाही, घसरवते. त्यामुळे जोड आणखी दोन घर आवळला जातो आणि उरलेल्या फटी ती भरते. पट्टी गुंडाळायची ती जोड आवळण्याच्या दिशेने. उलटी गुंडाळली, तर आवळतानाच सुटून गोळा होते.

प्लॅस्टिकच्या पाइपांचा चिकटवलेला जोड गळला, तर वरून लुगदी थापून फार दिवस निघत नाहीत. जोड चिकटवताना लावलेलं सॉल्व्हंट दोन्ही पृष्ठभाग विरघळवून एकजीव करतं, आणि तो एकजीवपणा बाहेरून आणता येत नाही. तेवढा तुकडा कापून, कोरडा करून, नवा सॉकेट लावणं हाच रस्ता.

पाळ, तुडूम आणि खेकडा

सगळे माग एकत्र ठेवले की एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. टाकी तिच्या मधोमध क्वचित गळते. ती गळते निप्पल जिथे बसवलेला आहे तिथे. स्लॅब गळतो तो पाइप आरपार गेलेल्या भोकाशी. नळ गळतो तो रबर आणि पितळ भेटतात तिथे. पाण्याला सांधा सापडतो.

हे भंडाऱ्याने फार मोठ्या मापावर शिकलेलं आहे. हा तलावांचा जिल्हा. गोंड राजवटीत कोहळी समाजाने इथे मातीच्या पाळी घालून तलाव बांधले, भात आणि ऊस पिकवला. पुढे मालगुजारीची जुनी महसूल पद्धत गेली आणि ते ‘माजी मालगुजारी’, म्हणजे बोलण्यात ‘मामा’ तलाव झाले. सिमेंट नाही, लोखंड नाही, नुसती माती. आणि माती तर पाझरणारच! तलाव बांधणाऱ्यांना ते ठाऊक होतं. पाळीच्या पोटातून पाणी सोडायची जागा, तुडूम, हाच पाळीचा सांधा, आणि नजर ठेवायची ती तिथेच. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, त्यातही कमजोर ठरला तो पाणी सोडायचा मार्गच.

मातीचं प्रत्येक धरण थोडं पाझरतं, हे ऐकून पहिल्यांदा धक्का बसतो. पवनी तालुक्यातलं गोसीखुर्द, ज्याची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते झाली आणि ज्याचे ३३ दरवाजे पावसाळ्यात बातमीत असतात, अशा प्रकल्पांच्या मातीच्या बांधांतही पाझर गृहीतच धरलेला असतो. त्याला वाळू-खडीच्या गाळणीतून बाहेर काढून देतात, म्हणजे पाणी जातं आणि माती राहते. म्हणून पाळीच्या पायथ्याशी झिरपणारं पाणी नितळ असेल तर नुसतं मोजत राहायचं. गढूळ झालं, तर पाणी सोबत पाळ घेऊन निघालेलं आहे. मग तास मोजायचे. २ जुलै २०१९ च्या रात्री रत्नागिरी जिल्ह्यातलं तिवरे धरण फुटून माणसं वाहून गेली. गळतीबद्दल गावकरी आधीपासून सांगत होते. नंतर खेकड्यांवर ठपका ठेवणारं विधान झालं आणि महाराष्ट्रभर त्याची चर्चा झाली. खेकडा धुरा पोखरतो, हे इथल्या प्रत्येक धानकऱ्याला माहीत आहे. म्हणून तर तो रोज बांधीवरून चक्कर मारतो, भोक दिसलं की चिखलाचा गोळा टाकून टाचेने दाबतो आणि पुढे जातो. भोक लहान असताना टाच पुरते.

त्या चिखलातही शास्त्र आहे. रोवण्याआधी पाण्यात चिखलणी करतात, तेव्हा मातीतल्या वाटा मोडतात आणि बारीक कण खाली बसून जमिनीलाच लिंपून टाकतात. पाणी मुरायचं कमी होतं आणि बांधी भरलेली राहते. आपण गच्चीला वॉटरप्रूफिंग करतो, धानकरी दर पावसाळ्यात शेताला करतो.

जो दुरुस्त करायचा नाही

नळाची चकती बदलली. टप्प थांबलं. आता अंधारात स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात एक गळती उरली आहे, जी आवाज करत नाही. माठ.

माठ पाझरतो, अंगावर दव धरतो, खालच्या थाळीत ओलं वर्तुळ काढतो. त्याच्या भिंतीतून बाहेर आलेलं पाणी उडून जाताना आतल्या पाण्याची उष्णता सोबत नेतं. एक ग्रॅम पाणी उडालं, तर जवळजवळ ५८० ग्रॅम पाण्याचं तापमान एका अंशाने उतरवण्याइतकी. बाहेरून उष्णता आत येत नसती, तर दहा लिटरचा माठ दहा अंशांनी गार व्हायला लहानसा पेलाभर पाणी उडणं पुरलं असतं. जुना माठ पाणी गार करेनासा झाला, तर त्याची छिद्रं क्षारांनी बुजलेली असतात. तो गळायचा थांबला, म्हणून बिघडला.

तेवढ्यात लाइन येते. कूलर पुन्हा घरघरू लागतो. त्याच्या जाळीतल्या गवतावरून पाणी ठिबकतं, ओघळतं, निथळतं, आणि खोलीत गार वारा येतो.